यांत्रिक कुत्र्याचं इमान कुणाशी?

कुत्रा इमानी असतो. कुणाशी? जो भाकरी टाकतो त्याच्याशी, असं आपण धरून चालतो. घरात भाकरी टाकणारा हात बहुतेक वेळा बाईचाच असतो, म्हणून घरचा कुत्रा बाईच्याच पायात घोटाळतो. यंत्राचा कुत्रा भाकरी खात नाही. ज्याच्या मोबाइलवर त्याचं अ‍ॅप आहे, ज्याच्या नावावर त्याचं खातं आहे आणि ज्याला पासवर्ड ठाऊक आहे, त्याच्याशी त्याचं इमान असतं. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. पण ते म्हणायला थोडा फेरा घ्यावा लागेल, कारण हा कुत्रा बाईचा कैवारी म्हणून, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आईचा सोबती म्हणून दारात येतो. आणि कैवारी म्हणून आलेल्याकडे संशयानं पाहिलं की आपल्यालाच लोक करंट्या ठरवतात, हा आपला जुनाच अनुभव आहे.

महाराष्ट्रानं असे चार पायांचे रोबो अलीकडे दोनदा पाहिले. १५ जानेवारी २०२५ला लष्कर दिनाचं संचलन पुण्यात झालं, तेव्हा सैन्याचे रोबो जवानांबरोबर चालत गेले. त्याच वर्षी आयपीएलच्या मैदानांवर एक रोबो कुत्रा बागडू लागला. खेळाडूंपुढे पाय पुढे करायचा, उड्या मारायचा, लोकांना हसवायचा. प्रेक्षकांच्या मतांनी त्याचं नाव ‘चंपक’ ठेवलं गेलं, आणि ‘चंपक’ हे मुलांचं मासिक काढणाऱ्या दिल्ली प्रेसनं आपलं नाव वापरलं म्हणून क्रिकेट मंडळाला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. नावाच्या त्या भांडणाच्या बातम्या चवीनं छापल्या गेल्या. त्या कुत्र्याच्या अंगावर कॅमेरा होता आणि चित्रण करणं हेच त्याचं खरं काम होतं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मैदानावर ते ठीकच आहे. तिथे सगळे दाखवायलाच आलेले असतात. घरात आपण दाखवायला राहत नाही.

घरात ठेवायच्या यंत्रकुत्र्याची हकीकत तशी जुनी आहे. १९९९ साली जपानच्या सोनी कंपनीनं ‘आयबो’ नावाचा कुत्रा विक्रीला काढला. किंमत अडीच लाख येन. जपानसाठी ठेवलेले तीन हजार कुत्रे वीस मिनिटांत संपले. २००६ साली कंपनीनं तो बनवणं थांबवलं आणि २०१४ साली दुरुस्तीही बंद केली. मग ज्यांचे कुत्रे कायमचे बंद पडले, ते लोक चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी या बौद्ध देवळात ते पाठवू लागले. २०१५पासून त्या देवळात पुरोहितांनी मंत्र म्हणून या कुत्र्यांचे अंत्यविधी केले. विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या ‘आजारी’ कुत्र्यांना बसवले गेले.

आपण याला हसू नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार घालणारे आपलेच लोक आहेत. माणूस ज्याच्या सोबत राहतो त्याच्यावर जीव लावतो; चुलीवर लावतो, शिवणयंत्रावर लावतो, मग शेपटी हलवणाऱ्या यंत्रावर का नाही लावणार? त्या जपानी माणसांचं दुःख खरं होतं. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही. पण एक गोष्ट त्यातून ध्यानात घ्यावी: त्या कुत्र्यांना म्हातारपण आलं नव्हतं, कंपनीनं हात काढून घेतला म्हणून ते मेले. ते घरात असताना घरच्यांचे वाटत होते, मात्र त्यांचा जीव दुसरीकडेच ठेवलेला होता. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा.

२०१८च्या जानेवारीत आयबो नव्या रूपात बाजारात आला. या नव्या कुत्र्याच्या नाकात कॅमेरा आहे, शेपटीजवळ पाठीवर दुसरा कॅमेरा आहे, आवाज टिपायला मायक्रोफोन आहेत. तो घरभर हिंडून घराचा नकाशा बनवतो, माणसांचे चेहरे ओळखतो, कोण लाड करतं ते लक्षात ठेवतो, फोटो काढतो. त्यातलं बरंचसं इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकात साठतं आणि त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. अमेरिकेत त्याची किंमत २,८९९ डॉलर ठेवली गेली, म्हणजे आपले सुमारे अडीच लाख रुपये. तेवढ्या पैशात म्हाताऱ्या माणसाला सांभाळणाऱ्या बाईचा किती महिन्यांचा पगार निघेल, हे प्रत्येकीनं आपापल्या भागातल्या दरानं मांडून पाहावं. आणि अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात हा कुत्रा विकत मिळत नाही. तिथे २००८ साली एक कायदा झाला. माणसाच्या चेहऱ्याची किंवा बोटाच्या ठशाची नोंद घ्यायची तर आधी त्याची लेखी संमती घ्या, असं तो कायदा म्हणतो. चेहरे ओळखणारा कुत्रा घरात येणाऱ्या पाहुण्यांची, शेजारणीची, कामवालीची लेखी संमती कशी घेणार? तेव्हा कंपनीनं त्या राज्यात कुत्रा विकायचाच नाही असं ठरवलं. एका राज्याचा एक कायदा एवढं करू शकतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता नाशिककडे येऊ. आपल्या शहरातल्या गंगापूर रोडवर, कॉलेज रोडवर, इंदिरानगरात अशी कितीतरी घरं आहेत की जिथे तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी आई किंवा दोघं म्हातारी राहतात आणि मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर थेट अमेरिकेत. अशाच एका घरात परदेशातून आलेला यंत्राचा कुत्रा मी पाहिला. कंपनी कोणती, घर कुणाचं, ते सांगत नाही. सांगायची गरजही नाही. आजींचं वय पंचाहत्तरच्या पुढे. गुडघे गेलेले, ऐकू चांगलं येतं. सांभाळायला ब्युरोमार्फत एक बाई येते, सकाळी आठ ते रात्री आठ, सिटीलिंकची बस पकडून. मुलानं आईच्या वाढदिवसाला हा कुत्रा पाठवला. आजी त्याला ‘मोत्या’ म्हणतात. तो पायाशी येऊन बसतो, हाक मारली की मान वर करतो. आजींना तो आवडतो, हे मी आधीच सांगून टाकते. पाय दुखत असताना खऱ्या कुत्र्याला दोन वेळा खाली कोण नेणार? मुलांनी हट्टानं कुत्रा आणायचा आणि त्याचं हगणं-मुतणं आईनं आवरायचं, हे आपण घरोघर पाहतो. यंत्राच्या कुत्र्यानं ते काम वाचवलं, हे कबूल करायला हवं.

पण सांभाळणाऱ्या बाईनं पहिल्याच आठवड्यात आजींच्या सुनेला फोनवर विचारलं, “ताई, हा बघतो का?” तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती आजींना आंघोळ घालते, कपडे बदलते, त्यांच्या पाठीवरची जखम पुसते. मधल्या वेळात दमून जमिनीवर पाठ टेकते. कुत्रा खोल्याखोल्यांतून हिंडत असतो. उत्तर गुळमुळीत आलं तेव्हा तिनं स्वतःच तोडगा काढला: आजींचे कपडे बदलायच्या वेळी ती कुत्र्यावर टॉवेल टाकू लागली. चार दिवसांनी मुलाचा फोन आला. कुत्रा रोज सकाळी अर्धा तास अंधारात का असतो?

मुलगा वाईट नाही. आईची काळजी त्याला खरीच वाटते. सात समुद्रांपलीकडून तो दुसरं काय करणार, असं कुणीही म्हणेल. पण मैत्रिणींनो, काळजी आणि पाळत यांची भाषा आपल्याकडे नेहमी एकच राहिली आहे. ‘कुठे होतीस? उशीर का झाला? कुणाशी बोलत होतीस? आम्हाला काळजी वाटते म्हणून विचारतो.’ हे न ऐकता वाढलेली मुलगी आपल्यापैकी कुणीतरी पाहिली आहे का? त्या घरातली जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती टॉवेलचीही नाही. मुलाबद्दल, सुनेबद्दल काही मनातलं बोलायचं असलं की आजी आता तोंडाला पदर लावून बोलतात. आणि शेजारीण आली की तिला हातानं खूण करतात, आत चल, गॅलरीत चल. एकटेपणा घालवायला आणलेल्या सोबत्यानं त्यांची बोलायची जागा घेतली.

सोबतीचं एवढं कौतुक चाललं आहे, तर म्हाताऱ्या माणसाला सांभाळण्याच्या कामातलं नेमकं काय या यंत्रानं उचललं, तेही पाहू. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. घरातल्या माणसांची देखभाल १५ ते ५९ वयाच्या शंभरातल्या ४१ बायका करतात, पुरुष २१च्या आसपास. आणि जे करतात त्यांच्यातही बाईचे सुमारे सव्वादोन तास जातात, पुरुषाचा सव्वा तास. या सव्वादोन तासांत उचलणं आहे, पुसणं आहे, भरवणं आहे, रात्री उठणं आहे. आणि थोडंसं, अगदी थोडंसं, शेजारी बसून गप्पा मारणं आहे. यंत्राचा कुत्रा यातलं शेवटचं तेवढं घेतो. मूल झालं की त्याला खेळवायचं बापानं आणि लंगोट बदलायचे आईनं, ही जी वाटणी आपण वर्षानुवर्षं पाहिली, तीच आता यंत्राबरोबर झाली आहे. गोड भाग त्याला. उरलेलं आहे तिथेच आहे, आहे तिच्याच अंगावर आहे.

उलट थोडं वाढतंच. कुत्र्याला चार्जिंगला लावायचं कुणी, वायफाय गेलं तर राउटर बंद-चालू करायचा कुणी, गालिच्यात पाय अडकून आडवा पडला तर उभा करायचा कुणी? हे मी तर्कानं बोलत नाही. जेम्स राइट या संशोधकानं जपानमधल्या एका वृद्धाश्रमात राहून तिथल्या रोबोंचा अभ्यास केला. माणसाला उचलणारा एक, व्यायाम घेणारा दुसरा आणि ‘पारो’ नावाचा केसाळ सीलचा रोबो तिसरा. २०२३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘रोबो जपानला वाचवणार नाहीत’ अशा अर्थाचं आहे. रोबो आल्यानं काळजीवाहू कर्मचाऱ्यांचं काम कमी होण्याऐवजी वाढलं, हे त्यानं पाहिलं: यंत्र आणायचं, पुसायचं, वापरताना शेजारी उभं राहायचं, परत जागेवर ठेवायचं. जगातला सगळ्यात यंत्रप्रवीण देश, त्याची ही कथा.

इथे एक आडवळण घेते, कारण कुत्र्याचं इमान म्हटलं की आपल्याकडे हटकून महाप्रस्थानाची गोष्ट निघते. पांडव हिमालयात निघाले. सोबत द्रौपदी आणि मागे लागलेला एक कुत्रा. वाटेत सगळ्यांत आधी पडली द्रौपदी. ती का पडली असं भीमानं विचारलं, तर धर्मराजानं तिचा दोष सांगितला, अर्जुनावर तिचं प्रेम जास्त होतं, आणि तिच्याकडे वळून न पाहता तो पुढे चालला. तोच धर्मराज शेवटी स्वर्गाच्या दाराशी अडून बसला की या इमानी कुत्र्याला टाकून मी आत येणार नाही. शाळेत आम्हाला ही गोष्ट भूतदयेची म्हणून शिकवली. मधे पडून राहिलेल्या बाईबद्दल एकाही शिक्षकानं प्रश्न विचारला नाही. आणि गोष्टीचा शेवट आठवा: तो कुत्रा मुळात कुत्रा नव्हताच. यमधर्म वेश पालटून परीक्षा बघायला बरोबर चालत होता.

वेश पालटलेली ही यंत्रं घरात शिरून काय बघतात आणि ते कुठे जातं, याचे दाखले आहेत. घरातला केर काढणारी ‘रुम्बा’ नावाची चकती प्रसिद्ध आहे. तिच्या चाचणीसाठी बनवलेल्या काही नमुन्यांनी काढलेले फोटो, त्यांत एका बाईचा संडासात बसलेली असतानाचा फोटो, दूर व्हेनेझुएलातल्या कामगारांच्या हाती गेले आणि त्यांच्यातल्या कुणीतरी ते आपसांतल्या गटांत टाकले. २०२२ साली हे उघडकीला आलं. कंपनीचं म्हणणं असं की ती यंत्रं पगारी चाचणीदारांच्या घरात होती आणि त्यांनी संमतीवर सही केली होती. घरातल्या बाकीच्यांचं काय? दुसरा दाखला अमेरिकेतलाच, ‘रिंग’ नावाच्या घरगुती कॅमेऱ्यांचा. तिथल्या ग्राहक-व्यापार आयोगानं २०२३ साली त्या कंपनीवर कारवाई केली, तेव्हा समोर आलं की तिथल्या एका नोकरानं किमान ८१ बायकांच्या घरांतलं हजारो वेळा झालेलं चित्रण पाहिलं होतं. झोपायच्या खोल्यांतलं, न्हाणीघरातलं. ८१ बायका. पुरुषांच्या खोल्यांत डोकावायचं त्याला सुचलं नाही. आणि २०२५ साली सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की युनिट्री या चिनी कंपनीच्या ‘गो-१’ नावाच्या रोबो कुत्र्यात दूरवरून आत शिरता येईल अशी चोरवाट मुळातच आहे.

असलं काही झालं की आपल्याकडे म्हणतात, कायदा आहे ना! कायदा कुठे थांबतो ते बघू. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली संसदेनं माणसांच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. या कायद्याच्या तिसऱ्याच कलमात लिहून ठेवलं आहे की एखाद्या व्यक्तीनं खासगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. कंपनीला जाब विचारता येईल. कुत्रा घेऊन देणाऱ्या मुलाला, नवऱ्याला, सासऱ्याला या कायद्यानं नाही. म्हणजे पुन्हा उंबरठा. मारहाण ही घरगुती बाब आहे असं म्हणून पोलीस चौकीतून बाईला परत पाठवलं जायचं, ते दिवस आपण पाहिलेत. तो उंबरठा ओलांडायला २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यावा लागला. आता नव्या कायद्यात तोच ‘घरगुती’ शब्द पुढच्या दारानं आत आला आणि आपल्याही फारशा लक्षात आला नाही.

दुसरी बाजू मी लपवत नाही. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या कितीतरी बायकांनी नवऱ्याच्या शिव्या, सासूच्या धमक्या मोबाइलवर टिपल्या, आणि त्या टिपणांमुळे त्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकलं. १४ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की नवरा-बायकोतलं चोरून टिपलेलं संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येतं. मूळ प्रकरण पंजाबातलं. टिपणारा नवरा होता, टिपली गेलेली बायको. उच्च न्यायालयानं हा तिच्या खासगीपणाचा भंग मानला होता, सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. जोडीदारांनी एकमेकांवर पाळत ठेवायची वेळ आली असेल तर ते लग्न आधीच मोडलेलं आहे, असा न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या निकालपत्रातला सूर. एकमेकांवर! जणू दोघांच्या हातात सारखीच यंत्रं आहेत. आपल्या बाईनं फोन लपवून दोन मिनिटांचा आवाज टिपणं, आणि घरातला कमावता पुरुष नुसत्या खात्याच्या जोरावर चोवीस तास खोल्याखोल्यांतून फिरणारा डोळा ठेवणं, या दोन्हींना एकाच तागडीत घालणारा न्याय मला मान्य नाही. टिपणं चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. बटण कुणाच्या हातात, हे विचारलं पाहिजे.

याच वर्षी उलटा वाटणारा एक निकालही झाला. घराच्या राहत्या भागात सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे बसवता येणार नाहीत, असं कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला. प्रकरण होतं दोन भावांचं. भावानं भावावर डोळा ठेवला तर त्याचा मान दुखावतो, हे न्यायालयाला चटकन कळलं. असो. निकाल निकाल असतो, तो भावांपुरता आहे असं कुठे लिहिलेलं नाही. आपण तो आपल्या बायकांसाठी वापरायला शिकलं पाहिजे.

आणि बायका म्हणताना फक्त घरच्या नव्हेत. टॉवेल टाकणारी ती बाई कुठल्याच यादीत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला; नोंदणी, थोडी मदत, याच्यापुढे तो फारसा गेलेला नाही. २९ जानेवारी २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं की घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का याचा समिती नेमून विचार करा. त्या कायद्यासाठी आपण सगळ्या संघटना कामाचे तास, किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी मागत आलो आहोत. त्या यादीत आता आणखी एक कलम घालायला हवं: ज्या घरात बघणारं आणि ऐकणारं यंत्र आहे, तिथे कामाला येणाऱ्या बाईला ते पहिल्या दिवशी, तिच्या भाषेत सांगितलं पाहिजे, आंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या, विश्रांतीच्या जागेत ते असता कामा नये, आणि त्यानं टिपलेल्या गोष्टीवरून पगार कापता किंवा काढून टाकता येणार नाही. इलिनॉयमध्ये जे बोटाच्या ठशासाठी झालं, ते इथे आयाबाईच्या अंगासाठी का होऊ नये?

“अहो, अडीच लाखांचा कुत्रा नाशिकमध्ये किती जणांकडे असणार?” असं आमच्या बैठकीत एकीनं विचारलंच. आज थोड्यांकडे. पण मोबाइलही एकेकाळी थोड्यांकडेच होता. शिवाय भिंतीवर चिकटवायचा, हजार-दोन हजारांचा कॅमेरा आज बाजारात कुणालाही मिळतो, तो या कुत्र्याचाच गरीब भाऊ आहे. फरक इतकाच, की भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बाई निदान रागानं पाहू शकते. शेपटी हलवणाऱ्यावर रागावणं अवघड जातं. त्याला ‘मोत्या’ म्हटलं की संशय घेणारीच दुष्ट ठरते.

म्हणून केंद्रांवर काम करणाऱ्या मैत्रिणींना काही कामाच्या गोष्टी सांगते. समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीत आपण बाईला मारहाण, पैसे, दागिने, माहेरी जायची मुभा यांबद्दल विचारतो. त्याबरोबरच विचारा: घरात कॅमेरा, बोलणारा स्पीकर, फिरणारं यंत्र, मुलांचं खेळणं असं काय आहे? त्याचं अ‍ॅप कुणाच्या फोनवर? पासवर्ड कुणाला माहीत? तुला तो बंद करता येतो का, आणि केलास तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या, तारखेसह, कारण घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात ‘पाळत’ असा शब्द तोंडी लावायलाही नाही, मात्र मानसिक आणि भावनिक छळ आहे, आणि बंद केल्यावर जे घडतं त्यातून तो दाखवता येतो. न्हाणीघरात, झोपायच्या खोलीत चित्रण झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. तिच्या फोनवर, ई-मेलवर नजर ठेवली जात असेल तर कलम ७८. २०१३ साली ही कलमं जुन्या दंडसंहितेत आली ती आपल्या रस्त्यावरच्या रेट्यामुळे. ती फक्त अनोळखी पुरुषांसाठी आहेत असं समजून पोलीस हात झटकतात, तेव्हा तिथेच थांबू नका.

आणि संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज जाईल तेव्हा कलम १८खाली मागणी करताना नेहमीचे छापील मुद्दे लिहून मोकळ्या होऊ नका. त्या कलमाच्या शेवटच्या पोटकलमात दंडाधिकाऱ्यांना अधिकार आहे की आदेशात नमूद करतील ती ‘अन्य कोणतीही कृती’ ते थांबवू शकतात. तिथे स्पष्ट लिहा: घरातली अमुक इतकी यंत्रं, त्यांची नावं, ती कुठल्या खोलीत आहेत, त्यांचं खातं कुणाच्या नावावर आहे, ती काढावीत किंवा त्यांचा ताबा आणि पासवर्ड अर्जदार बाईकडे द्यावा, आणि आतापर्यंतचं चित्रण नष्ट करण्यापूर्वी त्याची एक प्रत न्यायालयात जमा करावी. यंत्राचा कुत्रा असेल तर कुत्रा म्हणूनच लिहा. कारकून हसेल. त्याला हसू द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.